नंबर विका, ब्लॉक विकू नका

(मंडळाच्या चित्रविक्रीबद्दल ठरवण्यासाठी बोलावलेल्या बैठकीतलं भाषण. बोललं तसंच छापलं आहे.)



मी कवी. पोटासाठी गोदीत ठेक्यावर माल उचलतो. शिक्षण मॅट्रिक. चित्रकलेवर बोलायचा मला कुणी परवाना दिलेला नाही. तरीही उभा राहिलोय, कारण हा विषय चित्रकारांचा आहे म्हणून आपण चित्रकारांवर सोडून दिला, तर उद्या मंडळ कुणाचं हे विचारायची पाळी येईल.

विषय तुम्हाला ठाऊक आहे. मंडळाकडं पैसा नाही. खोलीचं भाडं थकलंय, जलशाची ढोलकी उसनी आहे, अंकाचा कागद उधारीवर आणलाय. आपल्यातली चार पोरं-पोरी लिनोवर चित्रं कोरतात आणि झकास कोरतात. सूचना अशी आली की त्यांतली पाच चित्रं निवडायची, चांगल्या जाड कागदावर प्रत्येकाच्या पन्नासच प्रती काढायच्या, खाली पेन्सिलीनं नंबर घालायचा, सही करायची आणि ज्यांच्या खिशाला परवडतं त्यांना विकायच्या. याला लिमिटेड एडिशन म्हणतात. मर्यादित आवृत्ती.

लगेच दोन तट पडले. एक म्हणतो, चळवळीचं चित्र दिवाणखान्यात टांगायला द्यायचं? हा बाजार आहे. दुसरा म्हणतो, पैसा पांढरपेशाचा असो नाहीतर शेठजीचा, ढोलकी तर आपली वाजेल ना! मला दोघांचंही पटतं आणि दोघांचंही अपुरं वाटतं. म्हणून आधी हा नंबर काय प्रकार आहे ते बघू.

चित्राच्या कोपऱ्यात ७/५० लिहिलेलं असतं. म्हणजे पन्नास प्रतींतली सातवी. सातवी पहिलीपेक्षा वाईट असते असं नाही. छापलेले कागद वाळत घालतात तेव्हा क्रम कुणी लावत बसत नाही. तरी गिऱ्हाईक १/५० मागतं. पन्नासांच्या बाहेर चार-पाच प्रती चित्रकार स्वत:जवळ ठेवतो, त्यांवर ए. पी. लिहितात. आणि आवृत्ती संपली की ब्लॉकवर आडवी चीर मारतात, पुन्हा कुणी छापू नये म्हणून. चीर मारलेल्या ब्लॉकची एक प्रत काढून पुरावा म्हणून ठेवायचीही पद्धत आहे. मयताचा फोटो काढून ठेवावा तसं.

आता विचारा, पन्नासच का? तांब्याच्या पत्र्यावर नुसत्या सुईनं ओरखडून चित्र करतात, त्याला ड्रायपॉइंट म्हणतात. सुईच्या रेघेच्या काठाला तांब्याचा बारीक कीस उभा राहतो, तोच शाई धरतो. यंत्राच्या दाबाखाली काही डझन प्रतींत तो चेपून जातो. तिथं मर्यादा धातूनं घातलेली आहे, तक्रार नाही. पण लिनो नीट सांभाळला तर शेकड्यांनी प्रती देतो. लाकडाचा ब्लॉक आणि लिथोचा दगड हजारांनी देतो. तिथं पन्नासाची मर्यादा माणसानं घातलेली असते. पेन्सिलीनं सही करायची, नंबर घालायचा ही चाल युरोपात १९व्या शतकाच्या शेवटाकडं रुजली. त्याच सुमाराला फोटोवरून ब्लॉक करून स्वस्त छपाई व्हायला लागली होती. चित्र सगळ्यांच्या हातात जाऊ लागलं, तेव्हा आपलं चित्र चारचौघांपेक्षा वेगळं राहावं अशी सोय पैसेवाल्याला हवी होती. ती या पेन्सिलीनं केली.

दोस्तांनो, टंचाई कशी तयार करतात हे आपल्याला कुणी शिकवायला नको. महाडचं चवदार तळं १९२७ साली आटलेलं नव्हतं. पाणी होतं. हात लावायची बंदी होती. चित्राची आणि पाण्याची टंचाई एक नाही, हे मलाही कळतं. चित्रावाचून कुणाच्या घशाला कोरड पडत नाही. पण भरपूर असलेली वस्तू थोडी करून ठेवायची आणि त्या थोडकेपणाची किंमत वसूल करायची, ही रीत ओळखीची आहे. ओळखीची आहे म्हणून डोळे उघडे ठेवून तिच्याजवळ जा.

दुसऱ्या टोकाला आपलंच एक चित्र आहे. दर ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर बाबासाहेबांचं चित्र विकायला असतं. कागदावरचं, काचेतलं, कॅलेंडरावरचं. कुठल्या गावाहून विनातिकीट आलेली म्हातारी ते पदराखाली धरून घरी नेते. त्यावर नंबर नाही, चित्रकाराची सही नाही. तुझी प्रत कितवी, असं तिला कुणी विचारत नाही. आपल्या समाजाचं सर्वांत मोठं कलादालन म्हणजे आपल्या झोपड्यांच्या भिंती, आणि ते अशा अमर्याद आवृत्तीनं भरलंय. पण खरं तेही सांगतो. त्या चित्रानं घरं भरली, चार फेरीवाल्यांची चूल पेटली. आपल्या खोलीचं भाडं त्यातून निघत नाही.

म्हणजे पेच असा: स्वस्त चित्र माणसांपर्यंत पोचतं पण मंडळ जगवत नाही, महाग चित्र मंडळ जगवतं पण माणसांपर्यंत पोचत नाही. हा पेच आपल्या आधी दुसऱ्या एका देशातल्या चित्रकारांनी सोसलाय. म्हणून तुम्हाला जरा मेक्सिकोला नेतो.

तिथं होसे ग्वादालुपे पोसादा नावाचा कारागीर होता. जन्म १८५२चा. दोन दमड्यांना मिळणाऱ्या गाण्यांच्या, बातम्यांच्या, खुनाखुनीच्या पत्रकांसाठी चित्रं कोरायचा. हाडांचे सापळे नाचवायचा, सापळ्यांना शेठाणीची फुलांची हॅट घालायचा. रस्त्यावरच्या माणसानं ती चित्रं विकत घेतली, भिंतीवर लावली, फाडली, फेकली. पोसादा १९१३ साली दारिद्र्यात मेला. गरिबांसाठीच्या फुकटच्या खड्ड्यात पुरला. आज त्याचा तो हॅटवाला सापळा जगभर टी-शर्टावर विकला जातो. चित्र लोकांचं झालं, कारागिराच्या हाताला काही लागलं नाही. नुसतं लोकांपर्यंत पोचणं पुरेसं आहे, असं म्हणणाऱ्यांनी ही कबर आठवावी.

१९३७ साली मेक्सिको सिटीत लेओपोल्दो मेंदेस, पाब्लो ओ'हिगिन्स, लुईस अरेनाल या चित्रकारांनी एक कार्यशाळा काढली. नाव तायेर दे ग्राफिका पोपुलार, म्हणजे लोकांच्या छापचित्रांची कार्यशाळा. पोसादाला ते आपला बाप मानायचे. लिथोचं एक जुनं यंत्र त्यांच्याकडं होतं. ते १८७१च्या पॅरिस कम्यूनमध्ये वापरलेलं, अशी कथा तिथं सांगत. खरी असो-नसो, कथा झकास आहे. काम मुख्यत: लिनोवर, कारण लिनो स्वस्त आणि कोरायला मऊ. युनियनची पोस्टरं, हिटलर-मुसोलिनीविरुद्धची पोस्टरं, शाळा आणि साक्षरतेसाठीची चित्रं. चित्र एकट्याचं असलं तरी सगळे बसून त्याच्यावर टीका करायचे, मग ते बाहेर जायचं. पातळ स्वस्त कागदावर छापून भिंतींना चिकटवायचे. पावसानं आठ दिवसांत गळून पडायचं.

पण भिंतीवर गळणाऱ्या पोस्टरानं शाईचं बिल भागत नाही. म्हणून १९४२ साली त्यांनी ला एस्तांपा मेहिकाना नावाची प्रकाशनसंस्था उभी केली. कारभार हानेस मायर या स्विस वास्तुकाराकडं होता, जो आधी जर्मनीतल्या बाऊहाउस शाळेचा प्रमुख होता. या संस्थेनं चांगल्या कागदावरचे सह्यांचे, नंबरांचे चित्रसंच काढले आणि संग्राहकांना विकले. त्यांत अमेरिकन गिऱ्हाईक बरंच होतं. १९४७ साली मेक्सिकन क्रांतीवरचा ८५ लिनोचित्रांचा संच काढला, तो आज मोठमोठ्या संग्रहालयांत आहे. विक्रीतला वाटा कार्यशाळेला जायचा. त्यातून कागद, शाई, जागा.

इथं लक्ष द्या. त्यांनी दोन प्रकारचे चित्रकार केले नाहीत, एक गरिबांसाठीचा आणि एक श्रीमंतांसाठीचा. हात तोच, चित्राचा विषय तोच. फक्त कागद दोन. मेंदेसनं १९४२ साली आगगाडीच्या डब्यात कोंबून मरणाकडं नेली जाणारी माणसं कोरली, नाझींच्या छळाची. ते चित्र १९४३ साली मेक्सिकोत निघालेल्या नाझी दहशतीवरच्या काळ्या पुस्तकात छापलं गेलं, वाचणाऱ्याच्या हातात गेलं. आज त्याचीच सुटी प्रत संग्रहालयात काचेमागं आहे. काचेमागं गेलं म्हणून चित्रातली आगगाडी मऊ झाली नाही.

आणि या कार्यशाळेत एक बाई आली, तिची गोष्ट आपल्या मुलींनी पाठ करावी. एलिझाबेथ कॅटलेट. १९१५ साली वॉशिंग्टनला जन्मली, आजी-आजोबा गुलामगिरीत जन्मलेले. एका कला महाविद्यालयानं केवळ काळी म्हणून प्रवेश नाकारला. शिष्यवृत्तीवर १९४६ साली मेक्सिकोला गेली आणि काळ्या बाईच्या आयुष्यावर १५ लिनोचित्रांची मालिका कोरली. पुढं १९५२ साली तिनं बटाईनं जमीन कसणारी बाई कोरली. डोक्यावर रुंद गवती टोपी, अंगातला कोट सेफ्टी पिननं आवळलेला. ती सेफ्टी पिन आपल्या आयांच्या ब्लाऊजला, मंगळसूत्राच्या जागी, आपण रोज बघितलीय. या चित्राच्या प्रती तिनं नंतर कित्येक वर्षांनीही काढल्या. का काढता आल्या? कारण ब्लॉक तिच्याकडं जिवंत होता. चीर मारून टाकला असता तर १९५२तच त्या बाईला मूठमाती मिळाली असती.

मेक्सिकोची गोष्ट गोडगोड नाही. १९६२ साली कॅटलेटनं मेक्सिकोचं नागरिकत्व घेतलं, तर अमेरिकेनं तिला नकोशी परकी ठरवून जन्मभूमीची दारं बंद केली. १९७१ साली हार्लेममधल्या तिच्या प्रदर्शनासाठी ती मोठ्या खटपटीनं उघडली. कार्यशाळेत भांडणं झाली, १९६०च्या सुमारास मेंदेससकट बरेच जण बाहेर पडले. ही फूट पैशामुळं पडली असं मी म्हणत नाही, राजकारणाचीच भांडणं होती. पण विकत घेणारा एका देशातला, एका वर्गातला असला, की त्याच्या सरकारचा वारा फिरला तर आपली शिडं पडतात, एवढं मी गोदीतला माणूस सांगू शकतो.

आपल्या मुंबईतलं बघा. चित्तप्रसाद नावाचा चित्रकार. १९४३च्या बंगालच्या दुष्काळात मिदनापूर जिल्ह्यात पायी फिरला, मरणारी माणसं रेखाटली, त्याचं 'हंग्री बेंगॉल' नावाचं पुस्तक निघालं. इंग्रज सरकारनं प्रती जप्त करून जाळल्या. ती आवृत्तीही मर्यादित झालीच की! मर्यादा घालणारा वेगळा, एवढंच. पुढं हा माणूस अंधेरीत राहून लिनो कोरत राहिला, कमी पैशात चित्र लोकांकडं जावं म्हणून. १९७८ साली गेला. भाव आला तो गेल्यानंतर. दुसरीकडं अमेरिकेतले ब्लॅक पँथर, ज्यांच्यावरून १९७२ साली आपल्या पँथरनं नाव घेतलं. त्यांच्या वर्तमानपत्रात एमरी डग्लस पानभर चित्रं काढायचा, अंक २५ सेंटला, शेवटचं पान फाडून भिंतीला लावायचं. २००७ साली त्याच चित्रांचं लॉस एंजेलिसच्या संग्रहालयात मोठं प्रदर्शन झालं. संग्रहालय नंतर आलं. भिंत आधी होती.

आता आपल्यावर येतो. माझं मत: विकायचं. पण चार अटींवर.

पहिली, नंबर खरा पाहिजे. पन्नास म्हणजे पन्नास. गोदीत जहाजातून माल उतरतो तेव्हा टॅली क्लार्क पेटी मोजून खूण करतो; खूण चुकली तर जबाब द्यावा लागतो. तशी एक वही ठेवा. कुठल्या नंबराची प्रत कुणाला, किती तारखेला, किती रुपयांना. अडचण आली म्हणून गुपचूप एक्कावन्नावी छापायची नाही. समोरचा श्रीमंत आहे म्हणून त्याला फसवलं तर चालतं, असं ज्याला वाटतं त्यानं चळवळ सोडून सट्टा लावावा. आणि संगणकाच्या फाइलीतून यंत्रानं काढलेल्या नकलेवर नंबर टाकून ते कोरीव चित्र म्हणून खपवणंही बंद. हल्ली हा धंदा जोरात आहे.

दुसरी, ब्लॉक विकायचा नाही, चीर मारायची नाही. विकताना कागदावर स्वच्छ लिहून द्यायचं: सही-नंबराच्या जाड कागदावरच्या प्रती पन्नास, त्यापुढं नाही; पण हेच चित्र बिननंबराचं, बिनसहीचं, साध्या कागदावर, एका रंगात मंडळ हवं तेवढं छापील. ज्याला हे चालत नाही त्यानं घेऊ नये. तो पन्नासातला एक असण्याचे पैसे देतोय. चित्राचा मालक व्हायचे नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणं लेखी सहीशिवाय चित्राचा हक्क दुसऱ्याच्या नावावर होत नाही. म्हणून कुणी चहा पाजून पुढं केलेल्या कागदावर सही करायची नाही. आधी मंडळात वाचून दाखवायचा.

तिसरी, विषय आपण ठरवायचा, गिऱ्हाइकानं नाही. हा धोका मला सगळ्यांत मोठा वाटतो. गिऱ्हाइकाला काय आवडतं ते हळूहळू हाताला कळायला लागतं. रडणारी आई खपते. झाडू खपतो. गटारात उतरलेला माणूस त्यांना भिंतीवर चालतो, सोसायटीच्या लिफ्टमध्ये चालत नाही. पुस्तक वाचणारी आपली पोरगी, मोर्चात मूठ आवळलेली आपली म्हातारी, पगार घेऊन हसत घरी येणारा आपला माणूस, ही चित्रं मागं पडतात. मग आपण आपलंच दु:ख फ्रेम करून पोचवणारे हमाल होतो. हमाली मी रोज करतो, तिच्यात लाज नाही. पण स्वत:च्या आईच्या अश्रूंची हमाली मला जमायची नाही. म्हणून पाच चित्रं आधी या खोलीत सगळ्यांनी बघायची, मेक्सिकोवाल्यांसारखी टीका करायची, आणि मगच बाहेरच्याला दाखवायची.

चौथी, पैशाची. कोरणाऱ्याला मजुरी मिळाली पाहिजे. आपली ताई महिनाभर रात्री जागून, बोटं कापून घेऊन लिनो कोरते. तिला आपण म्हणणार, समाजासाठी दे? याला आपल्या गावात वेठ म्हणायचे. हिशेब असा मांडा. समजा एक प्रत १,५०० रुपयांना. पन्नास खपल्या तर ७५,००० रुपये. गॅलरीतून विकलं तर कमिशन कितीतरी ठिकाणी निम्म्यापर्यंत जातं, म्हणजे ३७,५०० तिथंच गेले. म्हणून आपण स्वत: विकू. कागद-शाईचे समजा ९,००० गेले, उरले ६६,०००. तीन वाटे करा, २२,००० कोरणाऱ्याला, २२,००० मंडळाला, २२,००० त्याच चित्राच्या स्वस्त प्रतींसाठी आणि पुढच्या लिनोसाठी. पण पन्नासच्या पन्नास खपतील असं धरून ढोलकीची ऑर्डर देऊ नका. वीसच खपल्या तर ३०,००० येतात. खर्च वजा जाता २१,०००, म्हणजे वाटे सात-सात हजारांचे. म्हणून जाहीर पन्नास करा, आधी पंधरा छापा, खपतील तशा पुढच्या काढा. ब्लॉक कुठं पळून जात नाही. हिशेब दर महिन्याला या खोलीच्या दाराला आतून नाही, बाहेरून चिकटवा.

आणि तो तिसरा वाटा कशासाठी, ते विसरू नका. दिवाणखान्यातल्या पन्नास प्रतींच्या पैशानं पाचशे प्रती निघाल्या पाहिजेत, ज्या ६ डिसेंबरला आपल्या पथारीवर दहा-दहा रुपयांना मिळतील. शेठनं दिलेल्या पैशात म्हातारीच्या झोपडीतलं चित्र छापलं गेलं, तर हा व्यवहार मला मंजूर आहे. पन्नास विकून आपण खूश होऊन घरी बसलो, तर आपण चित्रकार मंडळ झालो, चळवळ राहिलो नाही. मग खोलीला भाडं भरून तरी काय करायचं?

मेक्सिकोतल्या भिंतींवरची पोस्टरं पावसानं गळली. ब्लॉक राहिले, म्हणून पुन्हा छापता आली. आपल्याकडं तर आजवर सगळंच गळत आलंय. जलशातली गाणी गेली, शाहिरांच्या वह्या उंदरांनी खाल्ल्या, सभांच्या भिंती रंगवणारी पोरं कोण होती याची कुठं नोंद नाही. निदान हे ब्लॉक तरी तेल लावून, कापडात गुंडाळून, नाव-तारीख घालून ठेवा. खोलीतल्या कपाटाला कुलूप नाही, ते आधी आणा. पहिल्या विक्रीतून पहिलं कुलूप.

माझं बोलणं संपलं. ज्यांना पटलं नाही त्यांनी आता उठून बोलावं, बाहेर चहाच्या टपरीवर नको. मग हात वर करून ठरवू.

जय भीम.